विश्वाला आरंभ होता का? एका वादाचा इतिहास

१९१० साली बहुतेक खगोलशास्त्रज्ञांच्या लेखी विश्व म्हणजे आपली आकाशगंगा होती. ताऱ्यांच्या या चपट्या समूहापलीकडे काही आहे की नाही, हे ठरवायला साधन नव्हते. तारे जन्मतात आणि विझतात याची कल्पना होती. पण सबंध विश्वाला वय असू शकते आणि ते मोजता येऊ शकते, हा विचार शास्त्राच्या कक्षेबाहेरचा, धर्माच्या आणि तत्त्वज्ञानाच्या प्रांतातला मानला जाई. पुढच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत हा प्रश्न वेधशाळांमध्ये आला आणि मोजमापांनी सोडवला जाऊ लागला. हे स्थित्यंतर एका दीर्घ वादातून घडले. त्या वादात हरलेल्या बाजूने विश्वाच्या आकलनात घातलेली भर जिंकलेल्या बाजूपेक्षा कमी नाही, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा सांगितली जात नाही.

सुरुवात अंतरे आणि वेग मोजण्यापासून झाली. हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांच्या काचा तपासण्याचे काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले, की सेफीड प्रकारचा रूपविकारी तारा जितका तेजस्वी, तितका त्याच्या तेजाच्या चढउताराचा काळ मोठा असतो. चढउताराला किती दिवस लागतात हे पाहिले की ताऱ्याचे खरे तेज कळते, आणि खरे तेज व दिसणारे तेज यांच्या तफावतीवरून त्याचे अंतर निघते. त्याच वर्षी अ‍ॅरिझोनातील लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानी अभ्रिकेचा वर्णपट घेतला. ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असल्याचे त्यांना आढळले. पुढे आणखी अभ्रिकांचे वर्णपट मिळाले, तेव्हा मात्र बहुतेकांच्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या निघाल्या. या ताम्रसृतीचा अर्थ त्या अभ्रिका दूर जात आहेत असा होत होता. एका वर्णपटासाठी रात्रीमागून रात्री तीच काच दुर्बिणीला लावून ठेवावी लागे. स्लायफर यांच्या या कष्टांना इतिहासात मिळाले त्याहून बरेच अधिक श्रेय मिळायला हवे होते.

ऑक्टोबर १९२३ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून एडविन हबल यांना देवयानीत एक सेफीड तारा सापडला. लेव्हिट यांच्या नियमाने अंतर काढल्यावर देवयानी आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर असल्याचे निश्चित झाले. सर्पिल अभ्रिका म्हणून नोंदलेले ते फिकट ठिपके स्वतंत्र दीर्घिका ठरले, आणि आकाशगंगा त्यांच्यातली एक.

दरम्यान कागदावर वेगळेच विश्व आकार घेत होते. आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धान्त पूर्ण केला आणि १९१७ मध्ये तो सबंध विश्वाला लावला. समीकरणे विश्वाला स्वस्थ बसू देईनात. ते आकुंचन तरी पावावे किंवा प्रसरण तरी. विश्व स्थिर आहे याविषयी आइन्स्टाइन यांना शंका नव्हती, म्हणून गुरुत्वाकर्षणाला तोलून धरणारे एक जादा पद त्यांनी समीकरणात घातले. त्याला विश्वस्थिरांक म्हणतात. पेत्रोग्राडमध्ये हवामानशास्त्र आणि गणित या दोन्हींत काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये ती समीकरणे विश्वाला स्थिर राहण्याचा आग्रह न धरता सोडवून दाखवली. काळाबरोबर बदलणारी, शून्य आकारापासून वाढत जाणारी विश्वे त्यांत निघाली. आइन्स्टाइन यांनी आधी त्यात चूक असल्याचे प्रसिद्ध केले आणि पुढच्या वर्षी आपलाच आक्षेप चुकीचा होता असे छापून तो मागे घेतला. तरीही अशी विश्वे गणितापुरतीच आहेत असे त्यांचे मत राहिले. फ्रीडमन १९२५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी वारले. आपले गणित आकाशाला लागू पडते हे पाहायला ते राहिले नाहीत.

गणित आणि आकाश यांची गाठ घातली ती जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूने. लमेत्र यांनी केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्या हाताखाली काम केले होते आणि स्लायफर यांच्या वेगांशी त्यांचा परिचय होता. १९२७ मध्ये ब्रुसेल्सच्या एका नियतकालिकात फ्रेंचमध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवले, की विश्व प्रसरण पावत असेल तर दीर्घिका जितकी दूर तितका तिचा वेग जास्त असला पाहिजे. या प्रमाणाचा आकडाही त्यांनी काढला. भौतिकशास्त्रज्ञांच्या त्या वर्षीच्या सॉल्व्हे परिषदेत आइन्स्टाइन यांनी त्यांना सांगितले, की गणित बरोबर आहे, पण त्यामागचे भौतिकशास्त्र पटण्याजोगे नाही. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, हबल यांनी अंतर आणि वेग यांचे तेच नाते निरीक्षणांनी मांडले. दूरच्या दीर्घिकांचे वेग मोजण्याचे किचकट काम त्यांच्या सोबत मिल्टन ह्यूमसन करत होते. माउंट विल्सनवर खेचरांच्या पाठीवरून सामान चढवण्यापासून सुरुवात केलेला हा माणूस पुढे निष्णात निरीक्षक झाला. लमेत्र यांचा निबंध १९३१ मध्ये इंग्रजीत आला, तेव्हा नेमका तो आकड्याचा भाग गळला होता. तो भाषांतर करताना खुद्द लमेत्र यांनीच वगळला होता, हे २०११ मध्ये जुन्या पत्रव्यवहारातून स्पष्ट झाले. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१८ मध्ये या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली.

प्रसरण मान्य झाले, पण आरंभ मान्य झाला नव्हता. मे १९३१ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलेल्या एका छोट्या पत्रात लमेत्र यांनी ते पाऊल उचलले. सर्व द्रव्य एका 'आद्य अणू'त सामावलेले होते आणि त्याच्या विघटनातून विश्व निर्माण झाले, अशी त्यांची कल्पना होती. अनेकांना ती रुचली नाही. एडिंग्टन यांनाच निसर्गाच्या क्रमाला एकाएकी सुरुवात असण्याची कल्पना मानवत नव्हती. एका धर्मगुरूने मांडलेला आरंभ म्हणजे बायबलमधील सृष्टीची कथा मागच्या दाराने आणणे, असा संशयही घेतला गेला. तो अन्यायाचा होता. पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर १९५१ मध्ये आपल्या भाषणात या सिद्धान्ताची सांगड ईश्वरी निर्मितीशी घातली, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले आणि असे पुन्हा होऊ नये यासाठी त्यांनी प्रयत्न केले. पुढच्या वर्षी रोममध्ये भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात पोपनी तो विषय टाळला.

तात्त्विक नावडीपेक्षा मोठी अडचण आकड्यांची होती. हबल यांच्या मोजमापानुसार प्रसरणाचा वेग दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला ५०० किलोमीटर होता. यावरून हिशेब उलटा नेला तर विश्वाचे वय दोन अब्ज वर्षांच्या आसपास येई. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून भूगर्भशास्त्रज्ञांनी काढलेले पृथ्वीचे वय त्याहून जास्त येत होते. विश्वापेक्षा पृथ्वी जुनी असणे शक्य नाही. म्हणजे मोजमाप तरी चुकले होते किंवा आरंभाची कल्पना तरी. १९४० च्या दशकात दुसरी शक्यता गंभीरपणे विचारात घेणे पूर्णपणे योग्य होते. आज मागे वळून पाहताना हे विसरले जाते आणि प्रसरण पावूनही न बदलणाऱ्या, आरंभ नसलेल्या 'स्थिर' विश्वाचे पुरस्कर्ते हट्टी वाटू लागतात.

त्या पुरस्कर्त्यांत तिघे प्रमुख होते. हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड हे व्हिएन्नाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून दोघांना स्थानबद्ध केले होते. सुटकेनंतर ते रडारच्या कामावर लागले आणि तेथे यॉर्कशायरच्या फ्रेड हॉइल यांच्याशी त्यांची गट्टी जमली. युद्धानंतर केंब्रिजमध्ये तिघांच्या चर्चा सुरू राहिल्या. शेवट पुन्हा सुरुवातीशी जुळतो अशी रचना असलेला 'डेड ऑफ नाइट' हा भयपट पाहून आल्यावर, विश्वही असेच असले तर, असा प्रश्न गोल्ड यांनी विचारला, अशी आठवण हॉइल सांगत. १९४८ मध्ये बाँडी-गोल्ड यांचा एक आणि हॉइल यांचा एक असे दोन निबंध प्रसिद्ध झाले. विश्व मोठ्या प्रमाणावर सर्व ठिकाणी सारखे दिसते हे सर्वमान्य होते. ते सर्व काळीही सारखेच दिसले पाहिजे, अशी भर त्यांनी घातली. प्रसरणामुळे दीर्घिका दूर जातात, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होते आणि त्यातून नव्या दीर्घिका बनतात. त्यासाठी एक घनमीटर जागेत कोट्यवधी वर्षांत एखादा अणू निर्माण झाला तरी पुरे होता. कोणत्याही प्रयोगशाळेला तो पकडता आला नसता. अशा विश्वाला आरंभ नाही, अंत नाही आणि वयाची अडचणही नाही.

या सिद्धान्ताचे सर्वांत मोठे बळ म्हणजे तो खोडून काढण्याजोगा होता. दूरच्या दीर्घिकांकडे पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. म्हणून दूरचे विश्व जवळच्या विश्वापेक्षा वेगळे निघाले, तर स्थिर विश्वाचा सिद्धान्त कोसळणार. बाँडी हे उघडपणे सांगत आणि निरीक्षकांना आव्हान देत. विश्वशास्त्रात इतकी धारदार कसोटी याआधी कोणी दिली नव्हती. आणखी एक गंमत अशी, की असाच एक विचार आइन्स्टाइन यांनी १९३१ च्या सुमारास करून पाहिला होता आणि गणितात चूक सापडल्यावर सोडून दिला होता. जेरुसलेमच्या संग्रहातले त्यांचे ते अप्रकाशित हस्तलिखित अलीकडे, २०१४ मध्ये प्रकाशात आले.

२८ मार्च १९४९ रोजी बीबीसीवरील भाषणात हॉइल यांनी आरंभाच्या कल्पनेला 'बिग बँग' म्हटले. हे नाव हेटाळणीचे होते असे सर्रास सांगितले जाते. श्रोत्यांना चित्र उभे करून देण्यासाठी ते वापरले, असे हॉइल स्वतः म्हणत. मराठीत रूढ झालेला महास्फोट हा शब्द त्यावरूनच आला.

महास्फोटाच्या बाजूने त्या काळी सर्वांत हिरिरीने उभे होते ते ओडेसात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले जॉर्ज गॅमो. आरंभीचे विश्व भयंकर उष्ण असले पाहिजे आणि त्या भट्टीत सर्व मूलद्रव्ये शिजली असतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे विद्यार्थी राल्फ अल्फर यांनी त्याचे गणित केले. १ एप्रिल १९४८ रोजी 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये आलेल्या निबंधावर अल्फर आणि गॅमो यांच्या जोडीला हान्स बेथे यांचेही नाव होते. त्यांचा या कामाशी संबंध नव्हता. अल्फा, बीटा, गॅमा अशी नावांची मालिका जुळावी म्हणून गॅमो यांनी ते घातले. या विनोदात कष्ट करणाऱ्या अल्फर यांचे श्रेय झाकोळले गेले, याचे वाईट वाटते. त्याच वर्षी अल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी दाखवले, की त्या आद्य उष्णतेचे अवशेष आजही विश्वभर शिल्लक असतील आणि त्यांचे तापमान निरपेक्ष शून्यापेक्षा सुमारे पाच अंशांनी वर असेल. ते शोधायला कोणी निघाले नाही.

मूलद्रव्यांच्या बाबतीत मात्र गॅमो यांची गाडी हेलियमपाशी अडली. पाच किंवा आठ कणांचे टिकाऊ अणुकेंद्रक निसर्गात नाही. त्यामुळे एकेक कण जोडत पुढे जाण्याची पायरीच तुटलेली. हे कोडे सोडवले महास्फोट न मानणाऱ्या हॉइल यांनी. ताऱ्यांच्या गाभ्यात तीन हेलियम केंद्रके एकत्र येऊन कार्बन बनतो, आणि ते पुरेशा प्रमाणात घडायचे असेल तर कार्बनच्या केंद्रकाला ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे त्यांनी १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात जाऊन सांगितले. तेथील प्रयोगशाळेने शोध घेतला आणि ती पातळी सापडली. १९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉइल यांनी कार्बनपासून पुढची बहुतेक मूलद्रव्ये ताऱ्यांत कशी बनतात याचा सविस्तर निबंध लिहिला. हाडांतले कॅल्शियम आणि रक्तातले लोह ताऱ्यांत तयार झाले, हे ज्ञान स्थिर विश्वाच्या आग्रहातून मिळाले. आद्य भट्टी नाकारल्यामुळे हॉइल यांना दुसरी भट्टी शोधावी लागली. फाउलर यांना १९८३ मध्ये नोबेल मिळाले, हॉइल यांना मिळाले नाही.

वयाची अडचण याच सुमारास सुटली. युद्धकाळात लॉस एंजेलिसमध्ये ब्लॅकआउट असताना वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सनवरून देवयानीच्या गाभ्यातले तारे वेगवेगळे टिपले होते. ते जर्मन नागरिक असल्याने युद्धकार्यावर घेतले गेले नव्हते. अंधारे आकाश आणि मोठी दुर्बीण त्यांच्या वाट्याला आली. सेफीड तारे दोन प्रकारचे आहेत आणि हबल यांनी त्यांची गल्लत केली होती, हे त्यांच्या कामातून निघाले. १९५२ मध्ये अंतरे एकदम दुप्पट झाली, विश्वाचे वयही. १९५८ मध्ये अ‍ॅलन सँडेज यांनी प्रसरणाचा वेग ७५ पर्यंत खाली आणला आणि विश्व पृथ्वीपेक्षा आरामात जुने ठरले. आरंभाच्या कल्पनेला गणिताचाही आधार मिळाला. भारतात कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये एक समीकरण प्रसिद्ध केले. विश्व पूर्णपणे एकसारखे नसले तरी, फिरकी नसेल तर, भूतकाळात अनंत घनतेची अवस्था टळत नाही, असे त्यातून दिसत होते. १९६५ ते १९७० या काळात पेनरोज आणि हॉकिंग यांनी सिद्ध केलेली प्रमेये या समीकरणावर उभी आहेत.

निर्णायक लढाई रेडिओ लहरींवर झाली. केंब्रिजमध्येच मार्टिन राइल आकाशातील रेडिओ स्रोतांची मोजदाद करत होते. स्थिर विश्वात मंद स्रोतांची संख्या एका ठरावीक प्रमाणातच वाढायला हवी; ती त्याहून जास्त निघाली, तर दूरच्या म्हणजे जुन्या काळी असे स्रोत जास्त होते असा अर्थ होतो. १९५५ मध्ये राइल यांनी १९३६ स्रोतांची यादी देऊन स्थिर विश्व खोटे ठरल्याचे जाहीर केले. सिडनीच्या गटाने तेच आकाश तपासले तेव्हा त्या यादीतले कितीतरी स्रोत उपकरणाच्या मर्यादेमुळे भासलेले निघाले. राइल यांना माघार घ्यावी लागली, पण सुधारित उपकरणे घेऊन ते पुन्हा आले. फेब्रुवारी १९६१ मध्ये त्यांनी लंडनला पत्रकारांसमोर नवी मोजदाद मांडली. जास्तीची संख्या पूर्वीइतकी नव्हती, तरी ती होतीच.

हॉइल यांच्या बाजूने याला उत्तर देणारा जयंत नारळीकर हा तेवीस वर्षांचाही न झालेला विद्यार्थी होता. नारळीकर यांचा जन्म १९३८ मध्ये कोल्हापुरात झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर स्वतः केंब्रिजला शिकून १९३२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात गेले होते आणि सापेक्षता सिद्धान्तावर काम करणारा एक गट त्यांनी तेथे उभा केला होता. केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले येऊन जयंत नारळीकर हॉइल यांच्या हाताखाली संशोधनाला लागले, त्याला वर्षही झाले नव्हते. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत हॉइल यांना दुसरे काम असल्याने राइल यांना उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. विश्वात द्रव्य विस्तीर्ण अंतरांवर असमान पसरलेले असेल, दीर्घिकांचे प्रचंड समूह आणि त्यांच्यामध्ये मोकळ्या जागा असतील, तर राइल यांची मोजदाद स्थिर विश्वातही बसू शकते, असे त्या दोघांचे म्हणणे होते. तसे महासमूह आणि पोकळ्या पुढे खरोखरच सापडल्या. वाद मात्र त्यामुळे जिंकला गेला नाही. १९६० च्या दशकात क्वेसार हे अत्यंत तेजस्वी स्रोत सापडले आणि तेही फार दूरच, म्हणजे फार जुन्या काळीच जास्त आढळू लागले.

त्यानंतरचा पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून आला. न्यू जर्सीतील होल्मडेल येथे बेल प्रयोगशाळेचा शिंगाच्या आकाराचा अँटेना होता. १९६४ मध्ये आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन त्यावर ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर मोजमाप करत असताना न जाणारी खरखर ऐकू आली. दिशा बदला, ऋतू बदलू द्या, ती तेवढीच. अँटेनात घरटे केलेली कबुतरे हाकलली, त्यांची विष्ठा साफ केली, तरी ३.५ केल्व्हिनचा तो जादा भाग उरलाच. जवळच्याच प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट डिकी आणि जिम पीबल्स यांचा गट नेमके हेच, आद्य उष्णतेचे अवशेष असलेले पार्श्वभूमी प्रारण शोधण्याच्या तयारीत होता. एका परिचितामार्फत दोन्ही गटांची गाठ पडली आणि १९६५ मध्ये दोन निबंध शेजारी शेजारी छापले गेले. पेन्झियस-विल्सन यांच्या निबंधात विश्वाच्या उत्पत्तीचा दावा नव्हता. विल्सन यांना तर हॉइल यांच्याकडून शिकलेले स्थिर विश्व आवडत असे.

हा शोध याआधी लागू शकला असता. १९४१ मध्ये कॅनडात अँड्र्यू मॅककेलर यांनी ताऱ्यांमधल्या अवकाशातील सायनोजन रेणूंचे तापमान २.३ केल्व्हिन असल्याचे दाखवले होते. हॉइल यांनी पुढे लिहिलेल्या आठवणीनुसार १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात गॅमो यांच्या गाडीतून फिरताना दोघांची या विषयावर चर्चा झाली. प्रारण पाच अंशांहूनही उष्ण असेल असे गॅमो म्हणत, तर मॅककेलर यांच्या मोजमापामुळे ते तीनपेक्षा जास्त असूच शकत नाही असे हॉइल म्हणत. दोन प्रतिस्पर्धी उत्तराच्या इतक्या जवळ आले आणि आपापल्या आकड्याला धरून राहिले. विश्वशास्त्राच्या इतिहासात याहून हळहळ वाटावी असा प्रसंग क्वचितच असेल.

हेलियमची गोष्टही अशीच. विश्वातील साध्या द्रव्याच्या वजनापैकी सुमारे एक चतुर्थांश हेलियम आहे. ताऱ्यांत इतके बनत नाही. १९६४ मध्ये हॉइल आणि रॉजर टेलर यांनीच हा हिशेब मांडला आणि ते अतिशय उष्ण अवस्थेतून आले असावे असे दाखवले. १९६७ मध्ये वॅगनर, फाउलर आणि हॉइल यांनी आद्य विश्वातील पहिल्या काही मिनिटांत हलकी मूलद्रव्ये किती प्रमाणात बनतील याचे तपशीलवार गणित केले. महास्फोटाचा हा भक्कम आधार त्याच्या सर्वांत ठाम विरोधकाने आपल्या हातांनी रचून दिला.

भारतातही या वादाचा एक अंक घडला. ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या तबकड्या वापरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला पहिली रेडिओ दुर्बीण उभारली. त्यानंतर गोविंद स्वरूप यांनी उटीजवळ ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण १९७० मध्ये कार्यान्वित केली. ती ज्या डोंगरउतारावर आहे त्याचा उतार तेथील अक्षांशाइतका, सुमारे ११ अंश. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर येतो आणि एकाच अक्षाभोवती फिरवून स्रोताचा तासन् तास पाठलाग करता येतो. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोताआड येताना संकेत कसा मावळतो यावरून स्रोताचा आकार मोजता येतो. अशी शेकडो मोजमापे करून १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवले, की मंद स्रोतांच्या कोनीय आकारांचा मेळ बदलत्या विश्वाशीच बसतो. हा पुरावा स्थिर विश्वाच्या विरोधात जाणारा होता, आणि नारळीकर १९७२ पासून त्याच संस्थेत प्राध्यापक होते. एकाच संस्थेत दोन्ही बाजूंची कामे शेजारी शेजारी चालत राहिली, ही त्या संस्थेला भूषणावह गोष्ट.

महास्फोटाच्या चित्रात उरलेल्या अडचणींवर १९८० च्या दशकात काम झाले. आकाशाच्या परस्परविरुद्ध टोकांना, ज्यांचा कधीच संपर्क आला नसावा, तेथे प्रारणाचे तापमान सारखे कसे? अ‍ॅलन गुथ यांनी १९८१ मध्ये सुचवले, की पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात विश्व घातांकी वेगाने फुगले. घातांकी प्रसरण हे स्थिर विश्वाच्या गणिताचे मूळ वैशिष्ट्य होते आणि हॉइल-नारळीकरांच्या द्रव्यनिर्मितीच्या क्षेत्रातला ऋण दाबही या कल्पनेशी जवळचे नाते सांगतो. नारळीकर हे साम्य वारंवार दाखवून देत, आणि ते योग्यच होते.

नोव्हेंबर १९८९ मध्ये सोडलेल्या 'कोबी' या अमेरिकी उपग्रहाने पार्श्वभूमी प्रारणाचा वर्णपट मोजला. जानेवारी १९९० मध्ये तो आलेख खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत पडद्यावर आला, तेव्हा श्रोते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मोजलेले बिंदू केवळ तापमानावर अवलंबून असणाऱ्या आदर्श कृष्णवस्तूच्या वक्ररेषेवर तंतोतंत बसत होते. १९९२ मध्ये त्याच उपग्रहाने त्या तापमानात लाखात एक भाग इतके चढउतार दाखवले. याच किंचित दाट-विरळ जागांतून पुढे दीर्घिका उभ्या राहिल्या. २००१ मध्ये सोडलेला 'डब्ल्यूमॅप' आणि २००९ मधील 'प्लँक' यांनी हे चढउतार अधिक बारकाईने मोजले, आणि विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे, म्हणजे १३८० कोटी वर्षे ठरले. हे प्रारण सुटले तेव्हा विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे होते.

हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये अर्धस्थिर विश्वाची नवी मांडणी केली. या विश्वाला आरंभ नाही. ते सुमारे पन्नास अब्ज वर्षांच्या आवर्तनांत आकुंचन-प्रसरण पावत दीर्घकाळात वाढत जाते आणि द्रव्य लहान लहान स्फोटांतून निर्माण होते. पार्श्वभूमी प्रारण म्हणजे लोहाच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा सोडलेला ताऱ्यांचा प्रकाश, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. प्रारणातील चढउतारांचे तपशील त्यातून समाधानकारक निघत नसल्याने बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. नारळीकर १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या आयुका या संस्थेचे संस्थापक संचालक होते. तेथे त्यांनी आपले मत कोणावर लादले नाही. त्यांच्याच संस्थेत महास्फोट आणि पार्श्वभूमी प्रारण यांवर जागतिक दर्जाचे काम उभे राहिले. 'आकाशाशी जडले नाते' सारख्या पुस्तकांतून मराठी वाचकालाही त्यांनी या विषयाच्या दोन्ही बाजू समजावून दिल्या. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

१९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दोन गटांना स्वतंत्रपणे आढळले. आइन्स्टाइन यांनी टाकून दिलेला विश्वस्थिरांक परत आला. प्रसरणाचा वेग वाढत जाईल असे स्थिर विश्वाचेही भाकीत होते, याची दखल फारच थोड्यांनी घेतली. आजच्या हिशेबात विश्वातील ओळखीचे द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ टक्के आणि कृष्ण ऊर्जा ६८ टक्के. शेवटच्या दोहोंचे स्वरूप माहीत नाही. प्रसरणाच्या वेगाचाही पूर्ण मेळ बसलेला नाही: प्लँकच्या मोजमापांवरून तो सुमारे ६७ येतो, तर सेफीड आणि अतिनवताऱ्यांवरून ७३ च्या आसपास.

पहिल्या काही मिनिटांपर्यंतचा इतिहास हेलियमच्या प्रमाणावरून तपासता येतो. त्याआधीच्या, फुगवट्याच्या काळाची खूण पार्श्वभूमी प्रारणाच्या ध्रुवीकरणात उमटलेली असावी. तेव्हाच्या गुरुत्वलहरींनी त्यात विशिष्ट प्रकारची वलये निर्माण केली असतील. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील 'बायसेप-२' प्रयोगाने ती सापडल्याचे जाहीर केले. प्लँकच्या निरीक्षणांशी ताडून पाहिल्यावर २०१५ मध्ये त्या संकेताचा मोठा भाग आकाशगंगेतील धुळीचा निघाला आणि दावा टिकला नाही. त्यानंतरच्या प्रयोगांनी त्या लहरी किती तीव्र असू शकतात याची वरची मर्यादा सतत खाली आणली आहे. प्रत्यक्ष लहरी अजून आढळलेल्या नाहीत.